सिक्स बाय सिक्स

बाबा दर दोन वर्षांनी नंबर तपासायचे. घराजवळचं चष्म्याचं दुकान, ठरलेला माणूस. तो ती जड, गोल फ्रेम नाकावर चढवायचा, भिंगं बदलत "हे बरं की ते?" विचारायचा आणि शेवटी म्हणायचा, "काका, सिक्स बाय सिक्स. एकदम क्लिअर." तो खोटं बोलत नव्हता. तरी गेल्या पावसाळ्यात डाव्या हाताने आलेली रिक्षा बाबांना दिसलीच नाही. खरचटण्यावर निभावलं. मग नेत्रतज्ज्ञांकडे कळलं : काचबिंदू. दोन्ही डोळ्यांची कडेची नजर बरीच गेलेली, आणि गेलेली नजर परत येत नाही. मी विचारलं, "पण अक्षरं तर वाचत होते ना?" डॉक्टर म्हणाल्या, "अक्षरं आजही वाचतील."

मी प्रोग्रॅमर आहे. टेस्ट पास आणि सिस्टिम फेल असं झालं, की ती टेस्ट मुळात कशासाठी लिहिली होती हे आम्ही आधी बघतो. म्हणून त्या तक्त्याच्या मागे लागलो.

तो तक्ता 1862चा, नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहरातला. तिथे फ्रान्सिस्कस डोंडर्स नावाच्या डॉक्टरांनी 1858मध्ये डोळ्यांचं इस्पितळ काढलं होतं. तेव्हा लोक विक्रेत्याच्या ट्रेमधून एकेक चष्मा लावून बघत आणि बरा वाटेल तो घेत. डॉक्टर छापील मजकूर वाचायला देत. व्हिएन्नाच्या येगर यांनी 1854मध्ये असे नमुने छापलेही होते. पण छापखाना बदलला की टाइपाचा आकार बदलणार. डोंडर्सना रुग्णांची तुलना करायची होती, त्यासाठी सगळीकडे सारखं मोजता येईल असं माप हवं होतं. ते काम केलं त्यांचे सहकारी हर्मन स्नेलन यांनी.

स्नेलननी अक्षरं 5 बाय 5च्या चौकटीत बसवली. आपल्या भाषेत चक्क पिक्सेल फॉन्ट! प्रत्येक रेघेची जाडी चौकटीच्या एक पंचमांश. ठरलेल्या अंतरावरून अख्खं अक्षर डोळ्याशी 5 मिनिटांचा कोन करणार, रेघ 1 मिनिटाचा. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. 6 मीटरवर हे अक्षर साधारण 8.7 मिलिमीटर उंच भरतं. 6/12 म्हणजे सामान्य डोळा जे 12 मीटरवरून वाचतो, ते तुम्हाला 6 मीटरवरून वाचावं लागतं. म्हणजे 6/6 हे शंभरपैकी शंभर नव्हेत, ती एक ठरवलेली रेघ आहे. तरुण निरोगी डोळे बहुधा तिच्याही पुढे वाचतात. (आपण 'नंबर' म्हणतो तो डायॉप्टर वेगळा. तो शब्द 1872मध्ये फ्रान्सच्या मोनोयेर यांनी सुचवला. त्यांनीही एक तक्ता केला आणि कडेच्या अक्षरांत खालून वर स्वतःचं नाव लपवलं. ईस्टर एग आपण शोधलेलं नाही.)

पण स्नेलनचा तक्ता एकच प्रश्न विचारतो : नजरेच्या मधोमध किती बारीक दिसतं? हात लांब केल्यावर अंगठ्याचं नख जेवढं दिसतं, साधारण तेवढ्याच भागाची ही परीक्षा. काचबिंदूत बहुधा हा भाग शेवटपर्यंत शाबूत राहतो.

मला वाटलं होतं, बाकीच्या तपासण्या खूप नंतर आल्या असणार. तसं नाही. डोळ्याच्या आत बघायचं उपकरण हर्मन हेल्महोल्ट्झनी 1851मध्ये प्रसिद्ध केलं. त्याआधी 1847मध्ये असंच एक उपकरण बनवून लंडनच्या एका नेत्रवैद्याला दाखवलं होतं चार्ल्स बॅबेजनी. हो, तेच, आपले कॉम्प्युटरवाले! वैद्याला त्याचं महत्त्व कळलं नाही आणि ते तसंच पडून राहिलं. हेल्महोल्ट्झच्या उपकरणातून बर्लिनच्या आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफेनी काचबिंदूतली डोळ्याची नस पाहिली. आधी त्यांना तो फुगवटा वाटला. प्रत्यक्षात तो खळगा होता. चूक त्यांनी सुधारली. 1856मध्ये कागदावर ठिपके काढून कडेची नजर मोजायची रीतही त्यांनी मांडली. स्नेलनच्या सहा वर्षं आधी!

म्हणजे बाबांना जी तपासणी हवी होती, ती तक्त्यापेक्षा जुनी आहे. फक्त तक्ता हा कागद होता. तो कुठल्याही भिंतीवर लागतो, शाळेत, दुकानात. पुढे देवनागरीतही आला. नस बघायला मात्र शिकलेला माणूस आणि वेळ लागतो. दुकानदाराला मी दोष देत नाही. भिंतीवर जे होतं, तेच त्याने विचारलं.

काचबिंदू घरात असेल तर मुलांना धोका जास्त, म्हणून मीही गेलो. या वेळी चार वर्षांची डिग्री घेतलेल्या ऑप्टोमेट्रिस्टकडे. त्यांनी आधी घरात कोणाला काय आहे ते विचारलं. मग डोळ्यांचं प्रेशर मोजलं आणि थेंब घालून नस बघितली. फील्ड टेस्टसाठी एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून मध्ये बघत राहायचं, कडेला प्रकाशाचा ठिपका लुकलुकला की बटण दाबायचं. दिसला की पुढचा अजून मंद, नाही दिसला की जरा ठळक. बायनरी सर्चचाच भाऊबंद. अर्ध्या वेळी वाटतं, ठिपके येतच नाहीयेत. बाबांना कितीतरी दिवस खरंच येत नसणार, आणि ते जाणवतही नसणार.

माझं सध्या ठीक आहे. पुढच्या वर्षी परत बोलावलंय.

रात्री नऊ वाजता बाबांच्या डोळ्यांत थेंब घालायचे असतात. मान मागे टेकवून ते म्हणाले, "तुझं सिक्स बाय सिक्स आलं ना?"

"आलं," मी म्हणालो. "डोळे मिटू नका आता."