वर्धा योजनेपासून आजपर्यंत : सुताराची मुले आणि गावची शाळा

नागपूरहून येणारा हमरस्ता आमच्या जाम येथे फुटतो. एक वाट हिंगणघाटावरून हैदराबादेकडे, तर दुसरी वरोऱ्यावरून चंद्रपुराकडे जाते. या काळ्या मातीच्या मुलखात बंडी, वखर, डवरा, तिफण घडविणे हा आपल्या वाडवडिलांचा उद्योग होता. शेतकरी त्यांस 'वाढई' म्हणत व खळ्यावर धान्य देत. देशातील शिक्षणाची पहिली मोठी राष्ट्रीय योजना आपल्याच जिल्ह्यात जन्मास आली आणि तिच्या अभ्यासक्रमात सुतारकीस मानाचे स्थान होते, ही गोष्ट आजच्या तरुणांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. म्हणून हा लेखनप्रपंच.

दिनांक २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि कोणत्या तरी हस्तोद्योगाभोवती सर्व विषयांची गुंफण, असे ठराव तेथे झाले. मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचे वेतन हळूहळू निघावे, अशीही अपेक्षा होती. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला. त्यात सूतकताई, विणकाम व शेती यांच्या बरोबरीने सुतारकाम होते. पुढे १९३८ साली हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला व सेवाग्राम हे या 'नई तालीम'चे पीठ बनले.

त्याच परिषदेत अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी विरोधी सूर काढला होता. फुकटचा कच्चा माल व बिनमजुरीचे हात यांच्या जोरावर शाळा वस्तू विकू लागल्या, तर ज्या कारागिराचे पोट त्याच वस्तूंवर आहे त्याने काय करावे, असा त्यांच्या हरकतीचा रोख होता. आमच्या मते त्या दोन दिवसांत आपल्या घरांच्या बाजूने बोललेले हेच एक बोलणे होय. गांधीजींचा हेतू उदात्त होता, यात शंका नाही. ब्राह्मणाच्या मुलाने रंधा मारावा व सुताराच्या मुलाने त्याच बाकावर बसून गणित शिकावे, हा त्याचा अर्थ होता.

मध्यप्रांत-वऱ्हाडात पं. रविशंकर शुक्ल यांनी 'विद्यामंदिर' योजना काढली. दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर गावची शाळा चालावी, ही तिची कल्पना. नावावरून मुसलमान समाजात नाराजी झाली, आणि १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर तिचा जोर ओसरला. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योगी शाळा निघाल्या खऱ्या, परंतु बहुधा खेड्यांत! शहरी वकील-डॉक्टरांची मुले पूर्वीच्याच शाळांत राहिली. मग खेड्यातल्या बापास शंका यावी यात नवल ते काय? पोर शाळेत घातले ते वाकस-पटाशीतून सुटावे म्हणून. तेथेही वाकसच हाती येणार असेल तर घरचा मांडव काय वाईट होता? मद्रास राज्यात १९५३ साली राजाजींनी शाळेची वेळ अर्धी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना काढली, तेव्हा तिला लोकांनी 'कुलशिक्षण' हे नाव दिले. १९५४ साली कामराज यांनी ती मागे घेतली.

आमच्या भागातील शाळा १९४८ च्या कायद्याने जनपद सभांकडे आल्या, व १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदेकडे. कोठारी आयोगाने (१९६४–६६) 'कार्यानुभव' सुचविला. आम्ही तो तास कित्येक वर्षे घेतला. घोटीव कागदाची फुले व आगपेट्यांची घरे यांपलीकडे तो क्वचितच गेला, कारण हत्यारे घेण्यास पैसा नव्हता.

शिक्षण हा विषय पूर्वी राज्यांचा होता. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, १९७६ साली, तो समवर्ती सूचीत गेला आणि दिल्लीचा हात थेट गावच्या शाळेपर्यंत पोचू लागला. त्यातील काही गोष्टी निःसंशय हिताच्या झाल्या. १९८७ च्या 'खडू-फळा' मोहिमेने एकशिक्षकी शाळेस दुसरा शिक्षक देऊ केला. १९९५ पासून हजेरीवर महिना तीन किलो तांदूळ मिळू लागला, तेव्हा मुलीस धाकट्या भावंडापाशी ठेवणाऱ्या आया तिला शाळेत धाडू लागल्या. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे बंद केले. याचे मोल परक्यास कळणार नाही. आपल्यात चौथी नापास झालेला मुलगा दुसऱ्या दिवशी कारखान्यात करवत धरीत असे! २०१९ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी व आठवीची परीक्षा पुन्हा आली आहे. तिकडे पालकांनी लक्ष ठेवावे.

त्याच कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांस दिल्या. हा लाभ घेणाऱ्या बापास दोष देता येत नाही. पण गावच्या शाळेचा पट त्यानेही घटतो. २०१७ साली राज्याने दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करून जवळच्या शाळांत विलीन करण्याचे ठरविले होते, हे स्मरणात असावे.

आता २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आहे. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांपाशी काम शिकावे, असे त्यात म्हटले आहे. आणि त्या कारागिरांत सुताराचे नाव पहिले आहे! स्थानिक कारागिरांस शाळेने 'निदेशक' म्हणून नेमावे, असेही त्यात आहे. १९३७ चीच गोष्ट, तीही आपल्याच नावाने, फिरून आली. प्रा. शहांची हरकतही तिच्याबरोबर आलीच आहे. शिकविणाऱ्या सुतारास मानधन कोण देणार? हे दहा दिवस इंग्रजी शाळेतील मुलेही भरणार, की केवळ जिल्हा परिषदेची?

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात. आपल्या गावच्या समितीत ज्ञातीचा कोणी असल्यास हे दोन प्रश्न त्याने पुढील सभेत मांडावेत व उत्तर इतिवृत्तात लिहवून घ्यावे. आणि ज्या वृद्ध मिस्त्रींस आजही तिफणीचे माप तोंडपाठ आहे, त्यांची नावे निदेशक म्हणून मुख्याध्यापकांकडे लेखी द्यावीत.