आपल्या पार्किंगमधला इतिहास : छोट्या गाड्यांचे गुण आणि दोष

पंढरपुरात इतिहास लिहायचा म्हटलं की लोक थेट चौऱ्याऐंशीच्या शिलालेखापासून सुरुवात करतात. माझा विषय त्या मानाने फारच अलीकडचा आणि साधा आहे. संध्याकाळी सोसायटीच्या फाटकातून आत आलं की ज्या गाड्या उभ्या दिसतात, त्यांतल्या सगळ्यात लहान, सगळ्यात जुन्या, ज्यांच्या धुळीवर पोरं बोटाने नावं लिहितात, त्या गाड्यांचा हा इतिहास.

सोसायटीचा नकाशा झाला तेव्हा सायकली आणि स्कूटर धरून जागा सोडली होती. घरटी चारचाकी येईल असं तेव्हा कुणी बोललं असतं तर लोक हसले असते. आज सर्वसाधारण सभेत पार्किंगचा विषय निघाला की आवाज चढतात. हा बदल कुणी केला? मोठ्या गाड्यांनी नाही. त्या नंतर आल्या. हा बदल स्वस्त गाड्यांनी केला.

त्याआधीची गोष्ट थोडक्यात सांगतो. वालचंद हिराचंद यांचा जन्म आपल्या सोलापूरचा, १८८२ सालचा. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. तिथेच पुढे 'फियाट' आणि तिचीच 'पद्मिनी' झाली. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगपाशी आणि रचना इतकी सोपी की कुठलाही मिस्त्री रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून गाडी चालू करून देई. पण त्या काळात गाडी म्हणजे चैन असं सरकारी धोरण होतं. किती गाड्या बनवायच्या ते परवान्यावर ठरे आणि नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. गाडी असायची ती डॉक्टरांकडे, वकिलांकडे, फार तर एखाद्या पेढीवाल्याकडे.

लहान माणसाची लहान गाडी हे स्वप्न मात्र आपल्याच भागात पाहिलं गेलं होतं. इचलकरंजीच्या शंकरराव कुळकर्णी यांनी 'मीरा' नावाची छोटी गाडी स्वतःच्या डोक्याने बनवली. तिचे नमुने रस्त्यावर धावले, पण कारखाना काही उभा राहिला नाही. अक्कल होती, परवाना आणि भांडवल नव्हतं.

मग १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८००ची किल्ली दिली गेली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. फियाटच्या मानाने हलकी, पेट्रोल कमी पिणारी आणि सकाळी पहिल्या किल्लीला चालू होणारी. सुरुवातीला लोकांनी नावं ठेवली. 'पत्र्याचा डबा आहे, धक्का लागला की चेपणार.' पण ज्याने घेतली त्याने दहा-पंधरा वर्षं वापरली आणि मग पुतण्याला दिली.

१९८४ मध्ये मारुतीची व्हॅन आली, तीच पुढची 'ओम्नी'. आपल्या गावाला ही गाडी जणू माप घेऊन शिवली होती. प्रदक्षिणा मार्गाच्या आतल्या बोळांत बाहेर उघडणारं दार भिंतीला घासतं, हिचं मागचं दार सरकतं. सकाळी शाळेची मुलं, दुपारी दुकानाचा माल, रात्री वेळ आली तर तीच रुग्णवाहिका.

आपली सोसायटी उभी राहत होती त्याच सुमारास पद्मिनीचं उत्पादन थांबलं आणि २००० साली अल्टो बाजारात आली. त्याच्या थोडं आधी, १९९८च्या डिसेंबरात, पिंपरीच्या कारखान्यातून टाटांची 'इंडिका' आली होती. छोट्या गाडीत डिझेल इंजिन आणि ऐसपैस जागा. पहिल्या इंडिकाबद्दल तक्रारी बऱ्याच आल्या. कंपनीने त्या ऐकल्या, सुधारणा केल्या आणि २००१ मध्ये 'व्ही-टू' काढली. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर अशी फेरी करणाऱ्या टॅक्सीवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलं. गंमत अशी, की टॅक्सीत जास्त दिसू लागली तशी घरच्या वापरासाठी घेणारा बिचकू लागला. 'टॅक्सीवाला समजतील हो!'

हा 'लोक काय म्हणतील'चा फटका सर्वांत जोरात बसला तो नॅनोला. पावसात एकाच स्कूटरवर चौघांचं कुटुंब जाताना पाहून रतन टाटांना ही कल्पना सुचली, हे सर्वांना माहीत आहे. ती प्रत्यक्षात आणणाऱ्या पथकाचे प्रमुख होते गिरीश वाघ. १० जानेवारी २००८ला गाडी दाखवली, २३ मार्च २००९ला मुंबईत विक्रीसाठी आणली. दोन लाखांवर लोकांनी आगाऊ पैसे भरले आणि पहिल्या एक लाख गाड्यांसाठी सोडत काढावी लागली. तोवर सिंगूरचा कारखाना आंदोलनामुळे गुजरातेत साणंदला हलवावा लागला होता, त्यात वेळ गेला. काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या आणि लोक धास्तावले.

एक लाखात बसवण्यासाठी नॅनोत काय काय वाचवलं होतं ते पाहण्यासारखं आहे. दोन सिलिंडरचं ६२४ सीसीचं इंजिन मागे. वायपर एकच. चाकाला चारऐवजी तीन नट. मागचं दार उघडायचंच नाही, सामान ठेवायला सीट पाडायची. पेट्रोलची टाकी १५ लिटरची. यातलं बरंचसं हुशारीचं होतं. आतली जागा तर उंच माणूसही पाय पसरून बसेल अशी. पण तिची ओळख 'जगातली सर्वांत स्वस्त गाडी' अशी झाली, आणि दारात 'सर्वांत स्वस्त' उभी करायला कुणाला आवडतं? हीच चूक झाली असं रतन टाटांनीही नंतर मान्य केलं. २०१८ मध्ये ती जवळजवळ बंदच पडली.

छोट्या गाडीला हसणं ही काही आपलीच रीत नाही. फ्रान्समध्ये १९४८ साली सित्रोएनची '२ सीव्ही' लोकांपुढे आली तेव्हा पत्रकारांनी तिची टर उडवली. पण नांगरलेल्या शेतातून अंडी न फुटता नेता आली पाहिजेत अशा अटीवर ती बनवली होती. शेतकऱ्याने ते ओळखलं आणि ती १९९० पर्यंत बनत राहिली. ती 'उपयोगाची' म्हणून विकली गेली, आपली 'स्वस्त' म्हणून.

आता दोषाकडे वळतो. कारण नुसतं कौतुक केलं तर हा लेख खोटा होईल.

स्वस्त गाडीचा गुण आणि दोष एकच आहे : तिच्यात काय काय वगळलंय. काच फिरवायचा हँडल असला, गाणी लागली नाहीत, म्हणून कुणाचं बिघडत नाही. पण वगळलेल्यात सुरक्षाही होती. २०१४च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आपटून पाहिल्या. त्यांत अल्टो ८०० होती, नॅनोही होती. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. ओम्नीत तर चालकाच्या गुडघ्यांपुढे पत्र्याशिवाय फारसं काहीच नव्हतं. कायदा उशिरा आला. चालकापुढची एअरबॅग २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची २०२२ पासून. धडकेचे नवे नियम आल्यावर ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली. मारुती ८०० त्याआधीच, २०१४च्या सुरुवातीला थांबली होती.

कुणी म्हणेल, मग त्या घेतल्याच कशाला? तर त्या वेळी आपल्यापुढे चांगली गाडी की वाईट गाडी, असा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता स्कूटर की गाडी. भर पावसात तापाने फणफणलेलं पोर सोलापूरला न्यायचं, सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. पुढे एक, मध्ये एक, मागे आई, हातात छत्री. ज्यांनी हे केलंय त्यांना ८००चं मोल वेगळं सांगायला नको. त्या डब्याने आपल्याला छप्पर दिलं. अपघातात वाचवण्याची हमी मात्र दिली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

म्हणून या रौप्यमहोत्सवी वर्षात सभासदांना दोनच विनंत्या. पहिली, ज्यांच्याकडे अजून जुनी छोटी गाडी आहे त्यांनी ती गावात जरूर वापरावी, पण नातवाला पुढे मांडीवर घेऊन बसू नये. सीटखाली ढकललेले मागचे पट्टे बाहेर काढावेत. २०२२ साली पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते महागड्या गाडीत मागच्या सीटवर पट्टा न लावता बसले होते. गाडी कितीची आहे हे अपघात विचारत नाही. घरगुती सिलिंडरवर गाडी चालवण्याचा शहाणपणा तर कुणीच करू नये.

दुसरी विनंती पार्किंगची. मारुती ८०० सुमारे १.४४ मीटर रुंद होती, नॅनो दीड मीटर. आता येणाऱ्या गाड्या पावणेदोन मीटरच्या पुढे जातात. आपले खांब काही सरकलेले नाहीत. नवीन गाडी घेताना शोरूममधला रंग बघा, एअरबॅग मोजा, आणि घरून निघताना दोन खांबांमधलं अंतरही टेपने मोजून न्या. शेजारच्या काकांची स्कूटर तिथेच उभी असते, आणि ती तुमच्या-माझ्या गाडीच्या आधीपासून तिथे आहे.