शरीर मागून येतं

आयटीतल्या माणसाला जेट लॅग काही नवा नाही. ऑनसाईटहून परतलेला सहकारी सकाळी अकराच्या मीटिंगमध्ये डुलक्या काढतो आणि रात्री तीनला त्याच्या इमेल्स येतात, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. त्यावरचे उपायही प्रत्येकाकडे तयार असतात. पाणी पी, कॉफी सोड, विमानात झोप, विमानात अजिबात झोपू नको... वगैरे वगैरे. मला मात्र बरेच दिवस एक वेगळाच प्रश्न पडला होता. आमच्या वऱ्हाडातून, म्हणजे अमरावती-अकोल्याकडून, लोक शंभराहून जास्त वर्षं विलायतेला जातायत. त्यांना जेट लॅग व्हायचा का?

उत्तर आहे, नाही. आणि तो का होत नसे हे नीट बघितलं, की आज आपल्याला नेमकं काय होतं तेही कळतं.

सुरुवात दादासाहेब खापर्ड्यांपासून करू. गणेश श्रीकृष्ण खापर्डे हे अमरावतीचे नामांकित वकील आणि लोकमान्य टिळकांचे जवळचे स्नेही. त्यांचा थाट असा की लोक त्यांना 'वऱ्हाडचे नबाब' म्हणत. १९०८ च्या जुलैमध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या सुटकेसाठी खटपट करायला खापर्डे त्याच वर्षी इंग्लंडला गेले आणि १९१० पर्यंत तिथे राहिले. पुढे दहा-बारा वर्षांनी अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे पंजाबराव देशमुख शिकायला तिकडेच गेले. पुढे स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री झाले ते हेच.

आता हा प्रवास कसा असायचा? अमरावतीहून बडनेरा, बडनेऱ्याहून जीआयपी रेल्वेने मुंबई, आणि मुंबईहून बोट. एडन, सुएझ, मग भूमध्य समुद्र. मुंबई ते मार्सेलिस साधारण दोन आठवडे.

जरा गणित करू. पृथ्वी एक अंश फिरायला ४ मिनिटं घेते. अमरावती पूर्व रेखांश पाऊणे अठ्ठ्याहत्तरवर आहे. म्हणजे अमरावतीचा सूर्य आणि ग्रिनिचचा सूर्य यांत ५ तास ११ मिनिटांचं अंतर. हे अंतर दोन आठवड्यांत वाटलं तर रोजचे येतात फक्त २२ मिनिटं. बोटीवर घड्याळ रोज थोडं थोडं मागे घेत. माणसाचं शरीर दिवसाला साधारण तासाभराचा फरक निमूट पचवतं, तिथे २२ मिनिटं म्हणजे किस झाड की पत्ती! बोट लागली असेल, घरची आठवण आली असेल, ते वेगळं. पण खापर्डे लंडनला उतरले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचं शरीरही उतरलं होतं.

आनंदीबाई जोशींचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. ७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. ५८ दिवस! सूर्याचा फरक पाऊणे अकरा तासांच्या वर. पण रोजचा हिशोब केला तर ११ मिनिटं. आज तोच फरक आपण एका दिवसात उरकतो.

घड्याळाची पहिली छोटीशी उडी मात्र वऱ्हाडाने विमानाच्या कितीतरी आधी अनुभवली होती. रेल्वेमुळे. मुंबईहून निघालेली जीआयपीची लाईन अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. पूर्वी गावागावाचं दुपारचं बारा वेगळं असे, सूर्य डोक्यावर आला की बारा. पण गाड्या अशा धावू शकत नाहीत. म्हणून रेल्वेने सगळीकडे मद्रासची वेळ धरली. अकोल्याचा सूर्य मद्रासच्या १३ मिनिटं मागे. म्हणजे अकोल्यात खरी दुपार व्हायची तेव्हा रेल्वेच्या वेळेप्रमाणे बारा वाजून तेरा मिनिटं झालेली असायची.

मग १ जानेवारी १९०६ ला साडेब्याऐंशी अंशांवरची भारतीय प्रमाणवेळ आली. अकोला आता सूर्यापेक्षा २२ मिनिटं पुढे गेलं, ते आजतागायत तसंच आहे. मुंबईकरांनी तर या नव्या वेळेला दाद दिली नाही. तिच्याहून ३९ मिनिटं मागे असलेली 'मुंबई वेळ' तिथे काही ठिकाणी १९५५ पर्यंत चालू होती. अस्मितेचा प्रश्न होता तो, प्रकृतीचा नव्हे. वीस-बावीस मिनिटांनी कुणाची झोप उडत नाही.

आता १९३६. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, स्थापना १९१४. या मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. कबड्डी जगापुढे नेणाऱ्या सुरुवातीच्या प्रसंगांत हा धरला जातो, आणि अमरावतीकर ते अजून अभिमानाने सांगतात. त्या काळी युरोपला जाणं म्हणजे बोट. त्याच ऑलिंपिकला गेलेला ध्यानचंदचा हॉकी संघ २७ जूनला मुंबईहून निघाला आणि १० जुलैला मार्सेलिसला उतरला. १३ दिवस.

त्या संघाची एक गंमत आहे. बर्लिनला पोचल्यावर सरावाच्या सामन्यात आपण जर्मनीकडून चक्क हरलो. मग धावाधाव करून अली दारा या खेळाडूला भारतातून बोलावलं, आणि तो आला विमानाने! उपांत्य सामना आणि अंतिम सामना खेळला, आणि आपण जर्मनीला ८-१ असं लोळवलं. मग दाराला जेट लॅग नसेल झाला? नसावा. कारण तेव्हाची विमानं टप्प्याटप्प्याने, रात्री मुक्काम करत जायची. १९२९ मध्ये लंडन-कराची सेवा सुरू झाली तेव्हा तिला आठवडा लागत असे. म्हणजे दोष नुसत्या विमानाचा नाही. दोष वेगाचा.

तो वेग झपाट्याने वाढला. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत निघालं आणि १० जूनला लंडनला पोचलं. १९६० मध्ये एअर इंडियाची बोइंग ७०७ जेट विमानं न्यूयॉर्कला जाऊ लागली. १९६५ मध्ये अमेरिकेने इमिग्रेशनचा कायदा बदलला आणि आपल्याकडच्या डॉक्टर-इंजिनियरांना दार उघडलं. अमरावतीचं सरकारी इंजिनियरिंग कॉलेज निघालं १९६४ मध्ये, म्हणजे त्याच सुमारास. आणि 'जेट लॅग' हा शब्द छापून आल्याच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी एक आहे १९६६ ची, लॉस एंजेलिस टाइम्समधली. विमान, व्हिसा, डिग्री आणि दुखण्याचं नाव, सगळं सहा वर्षांत! पुढे १९८३ मध्ये शेगाव आणि बडनेऱ्याची कॉलेजं आली, मग वायटूके आलं, आणि बाकीचा इतिहास तुम्ही-आम्हीच आहोत.

आता शरीराकडे येऊ. १७२९ मध्ये द मेराँ नावाच्या फ्रेंच माणसाने लाजाळूचं झाड अंधारात ठेवलं. लाजाळू दिवसा पानं उघडते, रात्री मिटते. त्याला दिसलं की उजेड नसतानाही तिचं उघडणं-मिटणं वेळेवर चालूच आहे. म्हणजे घड्याळ बाहेर नाही, आत आहे. १९३८ मध्ये शिकागोचा नॅथॅनियल क्लाइटमन आपल्या विद्यार्थ्याला घेऊन केंटकीतल्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिला आणि २८ तासांचा दिवस पाळायचा प्रयत्न केला. तरुण विद्यार्थ्याला ते बऱ्यापैकी जमलं, चाळिशी ओलांडलेल्या गुरुजींना काही केल्या जमलं नाही. १९७२ मध्ये मेंदूतल्या मुख्य घड्याळाची जागा सापडली, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तिच्या बरोबर वर. पेशींमध्ये हे घड्याळ कोणत्या जनुकांवर चालतं ते शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा सरळसरळ एनटीपीचा प्रश्न आहे. सर्व्हरचं घड्याळ चुकलं तर ते दुरुस्त करायच्या दोन तऱ्हा. एक, घड्याळाची गती किंचित कमी-जास्त करून हळूहळू जुळवून घ्यायचं. दोन, एकदम उडी मारायची. उडी मारली की लॉग उलटेसुलटे होतात, क्रॉन जॉब दोनदा चालतात किंवा चालतच नाहीत. बोट ही पहिली तऱ्हा होती, जेट ही दुसरी. आणि शरीरात दुसरी तऱ्हा लिहिलेलीच नाही. विमान उडी मारतं, शरीर आपल्या गतीनेच येतं. त्यात यकृत, आतडी, स्वादुपिंड यांची आपापली घड्याळं आहेत आणि ती एका वेगाने जुळत नाहीत. म्हणून मध्यरात्री कडकडून भूक लागते आणि ताट समोर आलं की जेवण जात नाही.

मी पहिल्यांदा ऑनसाईटहून अकोल्याला घरी आलो तेव्हा रात्री दोनला स्वयंपाकघरात चिवड्याचा डबा शोधत होतो. आजी उठून आली. "काहून रे बापू, झोप नाही येऊन राह्यली का तुले?" तिला मी सांगितलं की आजी, माझं पोट अजून अमेरिकेत आहे. तिला ते लगेच पटलं :)

हसण्यावारी नेलं तरी यात एक दुखरी गोष्ट आहे. कॅलिफोर्नियाहून उन्हाळ्यात घरी आलो तर फरक साडेबारा तासांचा. जुळायला आठ ते बारा दिवस जातात. आणि रजा? दोन आठवडे, फार तर अडीच. त्यातला एक दिवस मुंबई ते अकोल्यात गेला. (अमरावतीला बेलोऱ्याहून मुंबईचं विमान एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालं, पण आपल्यापैकी बहुतेकांना अजून रात्रभराची रेल्वेच ठाऊक.) या दोन आठवड्यांत बाबांच्या तपासण्या, डॉक्टरांशी बोलणं, शेताचे कागद, बँक, लग्नाची बोलणी, सगळं बसवायचं असतं. शरीर पोचतं तेव्हा बॅग भरायची वेळ आलेली असते. घरच्यांना वाटतं पोरगा आला पण गप्प गप्प आहे, चिडचिड करतोय, बदललाय. बदललेला नसतो तो. अजून आलेला नसतो.

उलट दिशेची गोष्ट आई-वडिलांची. नातवंडासाठी साठी-सत्तरीत पहिल्यांदा जातात. वय वाढलं की घड्याळ जुळवणं अवघड होतं, क्लाइटमनचा अनुभव तोच. त्यांच्या गोळ्या आणि विशेषतः इन्शुलिन वेळेला बांधलेलं असतं. 'सकाळचा डोस' म्हणजे कुठली सकाळ? हे विमानात बसून ठरवायचं काम नाही. निघायच्या आधी डॉक्टरांकडून तासांसकट कागदावर तक्ता लिहून घ्या. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका.

उपायांपैकी सगळ्यात भक्कम म्हणजे उजेड, पण तो योग्य वेळी. शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली असतं. त्याच्या आधीचा उजेड घड्याळ मागे ढकलतो, नंतरचा पुढे. न्यूजर्सीहून उन्हाळ्यात भारतात आलात तर तुमच्या शरीराची ती पहाट पडते इथल्या दुपारी दोनच्या आसपास. म्हणून 'पोचल्या पोचल्या सकाळचं कोवळं ऊन घे' हा लाडका सल्ला पहिल्या दोन-तीन दिवसांत उलटा पडू शकतो. सकाळी सावलीत राहा, उजेड घ्या तो दुपारनंतर, आणि ही वेळ रोज तासाभराने अलीकडे आणा. आता मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, अकोल्यात दुपारी तीनला उजेड घ्यायला बाहेर पडा असं सांगणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. तेव्हा पाचला निघा, उजेड तेव्हाही भरपूर असतो. अमेरिकेला जाताना सोपं आहे. तिथे दुपारनंतर दिवस मावळेपर्यंत उजेडात राहायचं, एवढंच.

दुसरा उपाय कॅलेंडरचा. आपण बोटीने जाऊ शकत नाही, पण कामांचा क्रम लावू शकतो. मोठे निर्णय, सह्या, भावाबहिणींशी अवघड बोलणी पहिल्या पाच-सहा दिवसांत ठेवू नयेत. ती मागच्या आठवड्यात टाकावीत.

आणि पहिल्या दिवसांतली ती पहाटे तीनची टक्क जाग? ती वाया घालवायची गरज नाही. आपल्याकडची म्हातारी माणसं चारला उठलेलीच असतात. एकटीच चहा करून पीत बसतात. एरवी त्या वेळी त्यांच्याशी बोलायला घरात कुणी जागं नसतं. मागच्या दोन खेपांना बाबांशी माझ्या ज्या काही खऱ्या गप्पा झाल्या, त्या त्याच वेळी झाल्या.