आगानोच्या माशांत साचलेलं विष

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपण मुलांना काटकसर शिकवताना सांगतो. पण विषही असंच थेंबाथेंबानं साचतं, हे जपानातल्या आगानो नदीकाठच्या लोकांना फार मोठी किंमत मोजून कळलं.

ही नदी निगाता शहराजवळ समुद्राला मिळते. काठचे लोक शेती करीत, नदीत जाळं टाकीत. ताटात नदीचाच मासा. मुखापासून सुमारे साठ किलोमीटर वर, कानोसे येथे शोवा देन्को कंपनीचा कारखाना होता. १९३६ पासून तेथे अ‍ॅसिटाल्डिहाइड बनत असे. त्या कामी पारा लागे. त्यातून मिथिल पारा हे जहाल विष तयार होई आणि सांडपाण्यातून नदीत जाई.

पाण्यात त्याचा अंश अगदी नगण्य. मग तो माणसाला बाधला कसा? शेवाळानं तो कणभर शोषला. ते शेवाळ किड्यांनी खाल्लं, किडे लहान माशांनी आणि लहान मासे मोठ्या माशांनी. हा पारा शरीराबाहेर फार सावकाश पडतो, म्हणून पायरीगणिक त्याचं प्रमाण वाढत जातं. शेवटच्या पायरीवर माणूस! शिवाय तो मांसातच भिनलेला असतो. मासा कितीही धुवा, शिजवा, तळा, तो जात नाही.

काठच्या लोकांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, तोल जाऊ लागला, बोबडी वळू लागली. मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेलाच हा रोग, हे जून १९६५ मध्ये जाहीर झालं. कंपनी म्हणाली, १९६४ च्या भूकंपात शेतीची औषधं नदीत वाहून गेली, दोष त्यांचा! पण रोगी डगमगले नाहीत. १९६७ मध्ये त्यांनी दावा लावला आणि २९ सप्टेंबर १९७१ रोजी तो जिंकला. पुढे सातशेच्या आसपास माणसांची रोगी म्हणून सरकारदरबारी नोंद झाली. निकालानं भरपाई मिळाली; गेलेली हातापायांची संवेदना काही परत आली नाही.

गुरुजी, ही शिडी एकदा फळ्यावर काढून दाखवा. आणि गावकरी मंडळी, पाणी नितळ दिसतं एवढ्यावर भुलू नका. वरच्या अंगाला नदीत काय सोडतात, हे वेळीच विचारा.