सह्याद्रीचे हादरे आणि आपली घरे

पृथ्वी शेषनागाच्या फण्यावर तोललेली असून त्याने मान हलविली की धरणी हलते, असे जुनी माणसे सांगत. बत्तीस शिराळ्याच्या या मुलखात नागाला तर देवाचेच स्थान आहे. धरणी हलण्याचा अनुभव आपल्या भागास नवा नाही. ती का हलते आणि हलली असता माणसे नेमकी कशामुळे दगावतात, हे मात्र प्रत्येक घराने समजून घेण्यासारखे आहे.

शिराळ्याचा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात मोडत असे. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. कागदावरची हद्द बदलली, तरी डोंगर एकच राहिला. कोयना व वारणा या दोन्ही नद्या याच सह्याद्रीत उगम पावून कृष्णामाईला मिळतात, आणि एका खोऱ्यातील हादरा दुसऱ्या खोऱ्यास जाणवतो.

दक्षिणेचे पठार काळ्या कातळाचे, म्हणून ते अढळ आहे, असा पूर्वी तज्ज्ञांचाही समज होता. कोयनेच्या शिवाजीसागर जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले आणि परिसरात लहान लहान धक्के सुरू झाले. १३ सप्टेंबर १९६७ रोजी मोठा धक्का बसला. त्यानंतर तीन महिन्यांनी, ११ डिसेंबर १९६७ रोजी, सोमवारी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी महाभूकंप झाला. त्याची तीव्रता ६.३ हून अधिक होती. पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली व दोन हजारांवर जखमी झाली. कोयनानगरातील बहुसंख्य घरांची पडझड झाली. वीजपुरवठा तुटल्याने मुंबईसही अंधार सोसावा लागला. धरणाच्या भिंतीला तडे गेले, परंतु धरण टिकले. पुढे काँक्रीटचे मोठे टेकू देऊन ते मजबूत करण्यात आले. या भूकंपानंतर देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशाच बदलावा लागला.

धरणामुळे भूकंप झाला काय, हा प्रश्न गावोगाव विचारला जातो. शास्त्रज्ञांचे म्हणणे थोडक्यात असे, की खडकातील भेगांत ताण आधीपासूनच साठलेला असतो. जलाशयाचे वजन आणि भेगांतून खोलवर मुरणारे पाणी त्या ताणास मोकळे होण्याचे निमित्त देते. पाणी हे कारण नव्हे, निमित्त होय. चांदोली येथील वारणेच्या जलाशयात पाणी साठू लागल्यावर १९९३ साली त्या बाजूसही ५ च्या आसपास तीव्रतेचे धक्के बसले. कोयना-वारणेच्या सुमारे ३० किलोमीटर लांब व २० किलोमीटर रुंद पट्ट्यात १९६७ पासून पाचाहून अधिक तीव्रतेचे वीसवर धक्के नोंदले गेले आहेत. याच्या अभ्यासासाठी कराडजवळ हजारमाची येथे केंद्र शासनाची प्रयोगशाळा उभारण्यात आली, आणि २०१७ साली गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेण्याचे काम पूर्ण झाले. एवढे करूनही धक्का अमुक दिवशी बसेल, असे आज कोणीही सांगू शकत नाही.

तेव्हा आपल्या हाती काय उरते? आपल्या हाती भिंत उरते. कोयनेचा भूकंप पहाटे झाला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंपही पहाटेच, ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि गणपती विसर्जन करून दमलेली माणसे झोपेत होती. तेथे सुमारे आठ हजार जीव गेले. ते गेले दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर कोसळल्याने. धरणी माणसास मारीत नाही, पडणारे घर मारते. भिंतीच्या दोन अंगांना बांधणारे लांब आरपार दगड, चारही भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा आणि हलके छप्पर, एवढी काळजी घेतली तरी पुष्कळ जीव वाचतात.

हादऱ्याइतकेच भय पावसाचे. डोंगराच्या कातळावर मातीचा थर असतो. अतिवृष्टीत तो पाणी पिऊन जड होतो व उतारावरून सुटतो. घरासाठी वा रस्त्यासाठी डोंगराचा पायथा खोदला असेल, तर त्यास आधारही उरत नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव असेच गाडले गेले व दीडशेहून अधिक माणसे गेली. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरी २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडींखाली घरे गेली. डोंगरास नवी भेग पडणे, झाडे वा खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, या खुणा दिसताच पंचनाम्याची वाट न पाहता, रात्र असली तरी, घर सोडावे.

अनेकदा माणसे घर सोडीत नाहीत, कारण वाडवडिलांची जागा आणि गावचा देव सोडवत नाही. हे दुःख खरे आहे. कोयनेच्या व चांदोलीच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्यांनीही ते सोसले. त्यांनी नव्या वसाहतींत आपल्या देवांची पुन्हा प्रतिष्ठापना केली, जत्रा सुरू केल्या. माणसे जगली म्हणून देवाला दिवा लावणारे हात राहिले. धोक्याच्या उतारावरील चार घरांना सुरक्षित जागा देण्याने गाव मोडत नाही, उलट टिकते.

मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी ग्रामस्थांनी श्रमदान केले, मुंबईकर मंडळींनी व देणगीदारांनी सढळ हाताने मदत केली. मंदिराचा पाया आणि भिंत पाहताना जी नजर लावली, तीच आता गावातील शाळेच्या, विधवेच्या आणि डोंगराकडेच्या शेवटच्या घराच्या भिंतीकडे वळावी. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी गावाने एकत्र फिरून उतार पाहावा, पाण्याचे चर मोकळे करावेत आणि पडाऊ भिंतींची यादी ग्रामसभेपुढे ठेवावी. अशा कामास फार पैसा लागत नाही. मंदिरासाठी झाली तशी एकी मात्र लागते.