जनऔषधी केंद्र

ठरलेल्या नावाने, ठरलेल्या किमतीत जेनेरिक औषधे विकणारे दुकान. नाव, माल व दर केंद्र सरकारच्या औषधनिर्माण विभागाच्या योजनेचे. जागा, भांडवल व जोखीम मात्र चालकाची. पहिले केंद्र 25 नोव्हेंबर 2008 रोजी अमृतसरच्या सिव्हिल हॉस्पिटलात उघडले. सरकारी दवाखान्यांच्या आवारापुरती राहिलेली ही योजना बरीच वर्षे रखडली. 2014 मध्ये देशभरातील चालू केंद्रे शंभराच्या आत होती. खासगी चालकांना वाव मिळाल्यावर ती पसरली आणि 2025 च्या सुरुवातीला केंद्रांची संख्या 15,000 वर गेली.

केंद्र घेण्यासाठी किमान 120 चौरस फूट जागा, डी.फार्म. किंवा बी.फार्म. झालेला फार्मासिस्ट, अन्न व औषध प्रशासनाचा परवाना आणि 5,000 रुपये अर्जशुल्क लागते. महिला, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातींचे अर्जदार व माजी सैनिक यांना शुल्क माफ आहे. फर्निचर, संगणक यांसाठी त्यांना एकदाच 2 लाख रुपयांपर्यंत साहाय्यही मिळते.

चालकाचे खरे गणित नफ्याचे. करांव्यतिरिक्त छापील किमतीवर त्याला 20 टक्के सुटतात. हे प्रमाण वाईट नाही, पण माल स्वस्त असल्याने हाती येणारी रक्कम लहान असते. समजा, दुसऱ्या मेडिकलमध्ये 50 रुपयांना मिळणारे गोळ्यांचे पाकीट येथे 10 रुपयांना आहे. गिऱ्हाइकाचे 40 रुपये वाचतात आणि चालकाच्या गल्ल्यात 2 रुपये पडतात. दुकानभाडे व फार्मासिस्टचा पगार या दोन-दोन रुपयांतून काढायचा, तर रोज भरपूर पाकिटे खपली पाहिजेत. म्हणून मासिक खरेदीच्या 20 टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त 20,000 रुपये असा प्रोत्साहन भत्ता ठेवलेला आहे. त्यासाठी जास्त खपाची 200 औषधे दुकानात शिल्लक ठेवावी लागतात, आणि ही अट रास्तच म्हटली पाहिजे. शुगरची गोळी आहे पण बीपीची संपली, असे दोनदा झाले की माणूस तिसऱ्यांदा पायरी चढत नाही.

दुसरी अडचण चिठ्ठीची. डॉक्टरांनी ब्रँडचे नाव लिहिले असेल, तर औषधविषयक नियमांनुसार अनुसूची ‘एच’मधील औषध फार्मासिस्टला परस्पर बदलून देता येत नाही. मधुमेहाच्या चिठ्ठीवर ‘मेटफॉर्मिन 500’ असे लिहिलेले असेल तरच काउंटरवरचे काम सरळ होते. वैद्यक परिषदेने 2016 मध्ये डॉक्टरांना जेनेरिक नाव ठळक व सुवाच्य लिहिण्यास सांगितले. 2023 मध्ये त्याहून कडक नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले. त्यामुळे चांगला केंद्रचालक गावातल्या डॉक्टरांना स्वतः भेटतो, औषधांची यादी देतो. “नाव वेगळं दिसतंय की, दादा,” असे म्हणणाऱ्या म्हातारीला जुने पाकीट व नवे पाकीट शेजारी धरून त्यावरचा घटक व मात्रा वाचून दाखवावी लागते. स्वस्त ते हलके, ही समजूत इतर कशाने जात नाही. पुरवठादार कारखाने जागतिक आरोग्य संघटनेच्या उत्पादन-निकषांचे असावे लागतात आणि प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते, हेही गिऱ्हाइकाला सांगण्याजोगे आहे.

पाथर्डीसारख्या तालुक्यात या दुकानाची गरज वेगळ्या कारणाने आहे. अहिल्यानगर जिल्ह्याचा हा अवर्षणप्रवण भाग. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. रक्तदाबाची गोळी पाच-सहा महिने फडावर कशी मिळवायची, हा त्यांचा प्रश्न. सगळ्या केंद्रांत तेच औषध त्याच भावाने मिळते, म्हणून पाथर्डीतली चिठ्ठी व रिकामे पाकीट दाखवून कारखान्याजवळच्या केंद्रातून तीच गोळी घेता येते. एकाच साखळीतले दुकान असण्याचा सर्वांत मोठा लाभ हाच, आणि तो चालकापेक्षा गिऱ्हाइकाचा आहे. जाण्यापूर्वी चिठ्ठी नीट लिहून घ्या, पाकीट टाकू नका, एवढे चालकाने दिवाळीआधी प्रत्येकाला सांगायला हवे. 2019 पासून 1 रुपयाला एक या दराने मिळणारे ‘सुविधा’ सॅनिटरी पॅडही कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहणाऱ्या बायकांनी सोबत न्यावे अशी वस्तू आहे.

चालकाला मात्र ऊसतोडीच्या या काळात गिऱ्हाईक कमी होते. मोहटादेवीच्या नवरात्रात किंवा मढीच्या कानिफनाथ यात्रेत होणारी गर्दी प्रसाद-खेळण्यांच्या दुकानांना तारते. नेहमीच्या गोळ्यांचा खप काही त्याने वाढत नाही. पाथर्डीत केंद्र घेणाऱ्याने या मंद महिन्यांचे भाडे आधीच धरून ठेवावे.

2023 मध्ये केंद्र सरकारने प्राथमिक कृषी पतसंस्थांनाही, म्हणजे गावोगावच्या विकास सोसायट्यांनाही, केंद्रे चालवण्याची वाट मोकळी केली. तालुक्यातील तिसगाव, मिरी, खरवंडी यांसारख्या बाजारगावांसाठी हा मार्ग एकट्या चालकापेक्षा टिकाऊ ठरू शकतो, कारण जागेचा व मंद महिन्यांचा भार सभासदांत वाटला जातो. फार्मासिस्ट मात्र सोसायटीलाही नेमावाच लागतो, आणि तो पूर्णवेळ गावात राहणारा मिळाला तरच हे केंद्र चालते.