मोटारीची ताकद मोजणारी साधने

मोटारीची अश्वशक्ती थेट मोजता येत नाही. मोजता येतो तो टॉर्क, म्हणजे फिरणाऱ्या शाफ्टचा पीळ, आणि मोजता येतात शाफ्टचे मिनिटाला होणारे फेरे. या दोहोंच्या गुणाकारातून अश्वशक्ती निघते. फेरे मोजणे सोपे आहे. पीळ मोजायचा तर फिरत्या शाफ्टला अडवावे लागते, आणि तो किती जोराने अडवला हे तोलावे लागते. अडवण्याची आणि तोलण्याची ही युक्ती दोनशे वर्षांत अनेकदा बदलली. कोणती युक्ती कशासाठी निवडायची, हा प्रश्न तेवढाच जुना आहे.

एककाची व्याख्या जेम्स वॉटची. घोड्याने मिनिटाला केलेले ३३,००० फूट-पौंड काम म्हणजे एक अश्वशक्ती, असे त्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस ठरवले. युरोपात पुढे सेकंदाला ७५ किलोग्रॅम-मीटर हे मेट्रिक माप रुळले. पहिले माप ७४६ वॅटच्या आसपास जाते, दुसरे ७३५.५ वॅटचे. त्यामुळे एकाच इंजिनाचा जर्मन आकडा ब्रिटिश आकड्यापेक्षा दीड टक्का मोठा दिसतो.

फिरत्या शाफ्टला अडवण्याचे पहिले व्यवहारी साधन गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने १८२१ मध्ये पुढे आणले. शाफ्टवरची चाकी लाकडाच्या दोन ठोकळ्यांमध्ये धरायची आणि बोल्ट आवळत जायचे. ठोकळ्यांना एक लांब दांडा जोडलेला असे. घर्षणामुळे हा दांडा शाफ्टबरोबर फिरू पाहतो, म्हणून टोकाला वजने टांगून त्याला आडवा तोलून धरायचे. वजन गुणिले दांड्याची लांबी म्हणजे टॉर्क. हिशेब इतका स्वच्छ की आजही डायनॅमोमीटरची, म्हणजे अशा ताकद मोजणाऱ्या यंत्राची, तपासणी ठरावीक लांबीच्या दांड्याला प्रमाणित वजने लावूनच होते. अडचण होती उष्णतेची. इंजिनाची सगळी ताकद लाकडात जिरे, ठोकळे करपत, त्यांच्यावर सतत पाणी सोडावे लागे आणि तापलेल्या लाकडाचे घर्षण बदलले की दांडा उसळे. ‘ब्रेक हॉर्सपॉवर’ हे नाव याच ब्रेकवरून आले.

पाण्याचा उपयोग निव्वळ थंडाव्यासाठी न करता पाण्यालाच ब्रेक बनवण्याचे काम विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने १८७७ मध्ये केले. त्याच्यापुढे प्रश्न जहाजांच्या इंजिनांचा होता. इतकी ताकद लाकडी ठोकळ्यांना पेलवणे शक्यच नव्हते. त्याच्या यंत्रात शाफ्टवर वाट्यांसारखे खळगे असलेली तबकडी बसवली होती आणि समोर तसेच खळगे असलेले बाहेरचे आवरण होते. मधले पाणी दोन्हींमध्ये घुसळले जाते, आवरणाला आपल्याबरोबर ओढू पाहते, आणि ती ओढ दांड्याने तोलली जाते. तापलेले पाणी वाहून गेले की उष्णतेचा प्रश्नही मिटतो. विसाव्या शतकात मोटारींचे कारखाने उभे राहिले तेव्हा त्यांच्या चाचणीकक्षांत हाच पाण्याचा ब्रेक पोचला. पुढे विजेची यंत्रे आली. जनित्राचे आवरण मोकळे ठेवून त्यावरचा पीळ तोलायचा, किंवा धातूच्या तबकडीत चुंबकाने भोवरे-प्रवाह निर्माण करून ती अडवायची. या दुसऱ्या प्रकाराला एडी करंट ब्रेक म्हणतात. त्याची अडवणूक विजेच्या बटणाने क्षणात कमीजास्त होते, आणि ट्यूनिंगसाठी हा गुण फार मोलाचा ठरला.

मोजमाप चुकीचे निवडले तर इंजिनेच चुकीची बनतात, याचा पुरावा ब्रिटनने दिला. तिथे १९१० पासून मोटारींवरचा कर रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या सूत्राने ठरू लागला. सिलिंडरच्या व्यासाचा इंचांतला वर्ग घ्यायचा, त्याला सिलिंडरांच्या संख्येने गुणायचे आणि २.५ ने भागायचे. १९२१ पासून अशा दर अश्वशक्तीला वर्षाला एक पौंड कर बसला. ब्रेक लावून काही मोजणे नाही, आणि पिस्टन किती अंतर वरखाली जातो याचाही विचार नाही. मग कारखानदारांनी अरुंद व्यासाची, लांब स्ट्रोकची इंजिने काढली. मॉरिस टेनच्या सीरिज एम मॉडेलच्या सिलिंडरचा व्यास अडीच इंच होता. चार सिलिंडरांसाठी सूत्र बरोबर १० हा आकडा देते, आणि नावातला ‘टेन’ तोच. प्रत्यक्ष ब्रेकवर ते इंजिन त्याच्या तिपटीहून अधिक ताकद देत असे. हीच गाडी भारतात ‘हिंदुस्तान १०’ म्हणून आली. इथल्या अनेकांनी चालवलेल्या मोटारीचे नाव अशा रीतीने विलायतेतल्या एका करसूत्रातून आले होते.

ब्रेकवर मोजलेला आकडाही काय काय जोडून मोजला यावर अवलंबून असतो. अमेरिकेत १९७१ पर्यंत ‘ग्रॉस’ आकडे जाहीर होत. चाचणीच्या बाकावर नुसते इंजिन, ना पंखा, ना एअर फिल्टर, ना गाडीचा सायलेन्सर. १९७१ साली जनरल मोटर्सने ग्रॉस आणि हे सगळे जोडून मोजलेले ‘नेट’ असे दोन्ही आकडे छापले तेव्हा तफावत उघड झाली. कॉर्व्हेटचे ४५४ घनइंची एलएस-५ इंजिन ग्रॉस ३६५ आणि नेट २८५ अश्वशक्तीचे निघाले. इंजिन तेच होते. पुढच्या वर्षापासून नेट आकड्यांचीच पद्धत पडली, आणि ग्राहकाच्या दृष्टीने ती फार आधीच पडायला हवी होती.

हवेचाही हिशेब लागतो. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरच्या पुण्यात हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-साडेसहा टक्के कमी असतो. टर्बो नसलेले इंजिन तिथे साधारण तेवढीच कमी ताकद देते. म्हणून मोजलेला आकडा ठरलेल्या दाबाला आणि तापमानाला सुधारून घेतात. १९६६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या एआरएआयसारख्या संस्थेत, जिथे देशभरच्या गाड्या मान्यतेसाठी येतात, ही दुरुस्ती केल्याशिवाय तुलनेला अर्थच उरत नाही.

गॅरेजवाल्याची गरज मात्र वेगळी. गाडीतून इंजिन उतरवून बाकावर चढवणे त्याला परवडत नाही. त्याच्या उपयोगी पडला रोलरवरचा, म्हणजे चॅसिस डायनॅमोमीटर किंवा डायनो. गाडीची चाके रोलरवर चढवायची, गाडी पट्ट्यांनी बांधायची आणि रोलरला अडवायचे. कॅलिफोर्नियातल्या एल मॉन्टे इथल्या क्लेटन कंपनीचे पाण्याच्या ब्रेकचे डायनो दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या हॉट रॉड कारागिरांपर्यंत पोचले. पुढे अमेरिकेच्या सरकारी धूर-चाचण्याही ८.६५ इंच व्यासाच्या जोडरोलरांवर होऊ लागल्या. इतका लहान रोलर टायरमध्ये रुततो, टायर तापतो आणि काही ताकद तिथेच जिरते. नंतर ४८ इंची एकच मोठा रोलर आला, त्यामागे हेच कारण होते. गिअरबॉक्स आणि टायरमध्ये जाणारी ताकद वजा होऊन चाकांवर उरलेलाच आकडा या यंत्रावर दिसतो. तो कंपनीच्या पत्रकाशी जुळत नाही, आणि जुळावा अशी अपेक्षाही चूक आहे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून एक स्वस्त मार्ग पसरला. कार्ब्युरेटरचे जेट विकणाऱ्या मोंटानातल्या डायनोजेट कंपनीने ब्रेकला फाटा दिला. तिने जड ढोल वापरला. ढोलाचे जडत्व ठाऊक असते. तो किती झपाट्याने वेग घेतो हे मोजले की ताकद कळते. झिजणारे, तापणारे काही नसल्याने निकाल पुन्हा पुन्हा तसाच येतो. सायलेन्सर बदलल्यावर काही फायदा झाला का, या प्रश्नाला हे यंत्र उत्तम. पण काही सेकंदांत सगळी फेरी संपते. अडीच हजार फेऱ्यांवर, पाव थ्रॉटलवर इंजिन धरून ठेवून ठिणगीची वेळ आणि इंधन जुळवायचे असेल, तर नुसता ढोल कामाचा नाही. तिथे एडी करंटसारखा ब्रेकच हवा. शहरात गाडी चालते ती याच पट्ट्यात, आणि ‘पिकअप नाही’, ‘अ‍ॅव्हरेज पडले’ या तक्रारीही इथल्याच. ट्यूनिंगसाठी डायनो निवडताना पूर्ण थ्रॉटलच्या कमाल आकड्यापेक्षा इंजिन एका जागी धरता येते का, हे आधी पाहिले पाहिजे. या बाबतीत दुमत असण्याचे कारण नाही.

डायनो नसेल तर रस्ता आहे. दोन महायुद्धांच्या दरम्यान ब्रिटनमध्ये टॅप्ली मीटर वापरात आले. आतला लंबक वेग घेताना मागे झुके आणि गाडीची ओढ टनाला किती पौंड ते दाखवी. नियतकालिकांच्या चाचण्यांत हे आकडे छापले जात. नेमका वेग मोजायला गाडीच्या मागे सायकलसारखे पाचवे चाक जोडत. १९९० च्या दशकात एअरबॅगसाठी बनलेले सिलिकॉनचे त्वरणमापक स्वस्त झाले आणि काचेवर चिकटवून सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारी जी-टेकसारखी साधने आली. वस्तुमान, त्वरण आणि वेग यांच्या गुणाकारातून ती ताकद काढतात. हजार किलोच्या गाडीत सत्तर किलोचा एक माणूस नोंदवायचा राहिला, तर आकडा साडेसहा टक्क्यांनी कमी येतो. त्याहून लबाड चूक गाडीच्या नाकाची. जोरात वेग घेताना नाक एक अंशाने उचलले गेले, तरी साधनाला सुमारे ०.०१७ जी जास्तीचे त्वरण दिसते. गाडीचे खरे त्वरण ०.३ जी असेल, तर ही जवळजवळ सहा टक्क्यांची खोटी भर झाली.

मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएस संकेतातली मुद्दामची अचूकतेतली घट थांबवली, आणि ही चूक टाळणारी उपग्रहाधारित साधने व्यवहारी झाली. ब्रिटनच्या रेसलॉजिक कंपनीचा व्हीबॉक्स त्यांत ठळक. संकेताच्या कंप्रतेतल्या बदलावरून वेग कळतो. नाक उचलले काय, न उचलले काय, फरक पडत नाही. रस्त्याचा चढउतार मात्र याही साधनाला फसवतो. त्यावर दोन्ही दिशांनी गाडी पळवून सरासरी काढणे हा एकच उपाय.

ताकद मोजणे झाले, तरी इंधन आणि हवेचे प्रमाण पाहिल्याशिवाय ट्यूनिंग आंधळे असते. बॉशचा लॅम्डा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांतून आला. तो वजनाने १४.७ ला १ या प्रमाणाच्या अलीकडचे की पलीकडचे, एवढेच सांगे. पेट्रोल इंजिन पूर्ण ताकद देते ते १२.५ ते १३ च्या आसपास, आणि तिथे त्याला काही दिसत नसे. १९९० च्या दशकातल्या वाइडबँड सेन्सरने तो पट्टा उघडा केला. मर्यादित खर्चात एकच साधन घ्यायचे असेल, तर इंजिन जळण्यापासून वाचवणारे हे साधन पहिले.

सर्वांत स्वस्त साधन आज स्टिअरिंगखालच्या ओबीडी, म्हणजे गाडीच्या संगणकाशी जोडणाऱ्या, सॉकेटमध्ये खोचले जाते. अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-२ सक्तीचे झाले, भारतात ओबीडी-१ एप्रिल २०१० पासून आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून. त्यातून ठिणगीची वेळ, हवेचा ओघ, आत येणाऱ्या हवेचे तापमान असे खरे सेन्सरचे आकडे मिळतात, आणि ट्यूनिंगला ते उपयोगी आहेत. या साधनाला जोडलेल्या फोनवर दिसणारा टॉर्क मात्र बहुतेक गाड्यांत मोजलेला नसतो. गाडीचा संगणक तो आपल्या तक्त्यांवरून काढतो, आणि ते तक्ते कंपनीच्या डायनॅमोमीटरवर, त्याच प्रकारच्या दुसऱ्या नव्या इंजिनांवर भरलेले असतात. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, तरी त्या तक्त्यांना त्याचा पत्ता नसतो.